पाणी चाखणारे परबकाका

कुठल्याही साइटवर पोचलं की परबकाका आधी पाणी मागायचे. तहान लागली म्हणून नव्हे. कुणी फिल्टरचं थंडगार पाणी आणून दिलं तर ग्लास तसाच परत. "हे नको रे. नळाचं आण. संडासातल्या नळाचं असलं तरी चालेल." आणणारा आ वासून बघत राहायचा. शेवटी काका स्वतःच बाथरूममध्ये शिरायचे, ओंजळ भरून घ्यायचे, एक घोट तोंडात धरून डोळे मिटायचे, गालातल्या गालात फिरवायचे आणि पचकन बेसिनमध्ये थुंकून निकाल द्यायचे. "टँकर. बोअरिंगचं पाणी. खारं." नाहीतर, "महापालिकेचं आसा. लाव मशीन."

पाण्याचा आणि एसीचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. आमची कंपनी घरातले एसी लावत नाही. आम्ही कॉम्प्युटरच्या खोल्या सांभाळतो, बँकांच्या, इस्पितळांच्या, जिथं सर्व्हर एक मिनिट बंद पडून चालत नाहीत. तिथली यंत्रं कपाटाएवढी उंच असतात आणि ती नुसता गारवा देत नाहीत, हवेतला ओलावाही मापात ठेवतात. बंद खोलीत गार हवा फिरत राहिली की ती कोरडी पडते. मग यंत्र पोटातल्या डब्यात पाणी उकळून वाफ सोडतं. हो, मुंबईत. मीही हसले होते. तर ते पाणी खारं असलं की डब्यात क्षार धरतात, नळ्या तुंबतात आणि पाणी नको तिथं वाहायला लागतं. म्हणून यंत्र बसवायच्या आधी पाणी बघायचं आणि खारं निघालं तर मध्ये पाणी मऊ करायची टाकी जोडायची. बाकीच्या कंपन्या पाणी तपासायला पाठवतात. आमच्याकडं परबकाकांची जीभ होती.

मी अंधेरीच्या ऑफिसात तक्रारींचे फोन घेते. म्हणजे उपनगरात कुणाचीही खोली तापली की पहिली शिवी मला. यंत्र चालू करायच्या दिवशी मात्र मी साइटवर जायची, गिऱ्हाइकाच्या सह्या घ्यायला. त्यामुळे काकांना मी जेवढं पाहिलं ते तिथं आणि ऑफिसातच. घरचं फारसं माहीत नाही. बोरिवलीला राहायचे, मूळ कुडाळकडचे, वडील गिरणीत होते, बायको कडक होती. एवढं पुरे आहे.

अंगानं किडकिडीत, मिशी मात्र भरदार. मे महिन्याच्या भर उन्हात काखेत अर्ध्या बाह्यांचा मरून स्वेटर. खोलीत शिरताना घालायचे आणि बाहेर आल्यावर काढायला विसरायचे. अंधेरी स्टेशनबाहेर घामानं निथळणाऱ्या गर्दीत स्वेटर घातलेला एकच माणूस दिसायचा, तो आमचा. रिक्षावाले विचारायचे, "काका, ताप आहे का?" काका म्हणायचे, "ताप तुका. माका थंडीचो धंदो."

आणि बोलणं असं की जगात हवा कळते ती यांनाच. "एसी लावणारे गल्लोगल्ली पडलेत गो. खोली समजणारो एकच." तो एक कोण, हे विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण उत्तर लांबायचं. मुलुंडचं पाणी कुठल्या टाकीतनं येतं, घाटकोपरला पाइप कुठं जुने झालेत, सांताक्रूझला विमानतळाच्या बाजूला टँकर का येतात, सगळं जिभेवर आहे म्हणायचे.

एकदा मुलुंडला एका पतपेढीत यंत्र बसवायचं होतं. तिथल्या शिपायानं नळाचं म्हणून स्टीलच्या पेल्यात पाणी आणून दिलं. काकांनी चाखलं, डोळे उघडले, मिशीवरून हात फिरवला. "वा! हे भांडुपच्या मेन लाइनीचं. थेट. मध्ये टाकीसुद्धा नाही. असं पाणी आता मिळत नाही." शिपाई तोंडावर हात ठेवून पळाला. नळाला पाणीच नव्हतं, बिचाऱ्यानं विकतच्या जारमधलं ओतून आणलं होतं. आमची माणसं पोट धरून हसली. काका जरासुद्धा वरमले नाहीत. "जारवाले खंयसून भरतत? भांडुपसूनच भरतत मां?" म्हणाले आणि पाइप मोजायला लागले. हरणं हा प्रकार त्यांना येतच नव्हता.

पण हातात काम असलं की हाच बढाईखोर माणूस दुसराच व्हायचा. अंधेरीत एका सिनेमाचं संकलन करणाऱ्या कंपनीत यंत्र न्यायचं होतं. लिफ्ट लहान पडली म्हणून हमालांनी ते आडवं करून वर चढवलं. काका चहाला गेले होते. परत आले, यंत्राकडं बघितलं, हमालांच्या तोंडाकडं बघितलं, आणि त्यांना कळलं. "झोपवलात? शिरा पडो तुमच्या तोंडार!" यंत्र आडवं केलं की कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपात पळतं. उभं करून ते पुरतं खाली उतरेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर चालू करताच वाट लागते. तिकडे गिऱ्हाइकाचे मोठे साहेब घड्याळ दाखवत उभे. "पंधरा मिनट में चालू करो."

"उद्या," काका म्हणाले.

"अरे, पण काय बिघडलंय?"

"गाढ झोपलेल्या माणसाला उठल्या उठल्या पळवता का? तोंड तरी धुवायला देता ना?"

साहेब चिडले, फोनाफोनी झाली, आमच्या कोठारी साहेबांनी काकांना फोनवर झापलं. काकांनी एक प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि यंत्राला पाठ लावून बसले. आपण वळलो की कुणीतरी बटण दाबेल अशी त्यांना खात्री होती, आणि मला विचाराल तर ती बरोबरच होती. जेवलेसुद्धा तिथंच. दुसऱ्या दिवशी यंत्र चालू झालं तेव्हा कोठारी साहेबांना म्हणाले, "आता काय बोलायचं ते बोला."

चूक करतच नव्हते असं नाही. पहिल्यांदा यंत्र चालू करताना नारळ फोडायचा आणि अगरबत्ती ओवाळायची ही आमच्या माणसांची पद्धत. एकदा काकांनी भक्तीच्या भरात आख्खा पुडा पेटवला आणि खोलीत नेला. या खोल्यांमध्ये धूर हुंगणारी यंत्रणा असते, तिला देव आणि आग यातला फरक कळत नाही. भोंगा सुरू झाला. आग विझवायचा गॅस सुटायला काही सेकंद असतात, तेवढ्यात कुणीतरी थांबवायचं बटण दाबलं म्हणून बरं. सगळे जिन्यात, काका मध्ये, हातात अजून धुमसता पुडा. त्या दिवसापासून नियम झाला. नारळ जिन्यात, अगरबत्ती खाली पार्किंगमध्ये, आणि यंत्राला फक्त नमस्कार. हा नियम आपणच शोधून काढला असं काका पुढं सगळ्यांना सांगायचे. खोटं नव्हतंच ते.

एकाच गोष्टीला हा माणूस घाबरायचा. गोवंडीला.

गोवंडीला आमचं गोडाऊन आहे. यंत्रं तिथं उतरतात आणि तिथून साइटवर जातात. आमच्याकडं माणूस थकला की त्याला तिथं खुर्ची मिळते. घाडगे म्हणून जुने फिटर होते, गुडघे गेले तेव्हा त्यांना तिथं बसवलं. चार महिन्यांत माणूस असा काही सुकला की बघवेना. तेव्हापासून ऑफिसात 'गोवंडी दाखवणं' म्हणजे संपवणं. आमची हेमा इंजिनिअर, कंपनीत नवी, नांदेडकडच्या घरातली पण जन्मापासून गोवंडीतच वाढलेली. ती भडकायची. "काय लावलंय गोवंडी गोवंडी? मी रोज तिथनंच येते ना? मेले का?" सगळे हसायचे, काका हसायचे नाहीत. सामान आणायचं असलं तरी दुसऱ्याला पाठवायचे. मला एकदा म्हणाले होते, "मनीषाबाय, माका साइटवर मराण येऊंदे. खुर्चेत नको." चेष्टेत म्हणाले नव्हते.

मग ती साथ आली. आम्ही त्याही दिवसांत कामावर होतो, सर्व्हरना सुट्टी नसते. काका आजारी पडले, इस्पितळात राहून आले, बारीक झाले, पण परतले. सगळ्यांना हायसं वाटलं. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या ऑफिसच्या मशीनमधला चहा प्यायला आणि "बरा आसा" म्हणाले. त्या चहाला आजवर कुणी बरा म्हटलेलं नव्हतं. मला वाटलं, आजारानं माणूस मऊ झाला. पूर्वी माझ्या डब्यातली सुरमई चाखून "कोकम कमी" म्हणाल्याशिवाय घास न उतरणारा माणूस आता गुपचूप जेवायचा. तेही मला बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

चव गेली होती त्यांची. वासही. बाकीच्यांचं परत आलं, यांचं आलंच नाही. पण हे आम्हाला फार नंतर कळलं.

तोवर काकांनी आपली युक्ती काढली होती. साइटवर गेले की आधी वॉचमनशी गप्पा. "गाव खंयचा? पगार वेळेवर देतात ना? टँकर कधी येतो रे तुमच्याकडे?" मग बाथरूममध्ये नळाच्या तोंडाला पांढरं धरलंय का ते बघायचं. मग ओंजळ, डोळे मिटणं, गाल फुगवणं, सगळं पूर्वीसारखं. उलट जरा जास्तच. निकाल बहुतेक बरोबर यायचे. नाटकाला आम्ही टाळ्या देत होतो.

घाटकोपरला एका पॅथॉलॉजी लॅबचं काम निघालं. रक्ताचे सगळे रिपोर्ट तिथल्या सर्व्हरवर. पाणी बघायला काका आणि हेमा गेले. त्याच दिवशी दुसऱ्या कागदांसाठी मीही तिथं होते. वॉचमन नवा होता, म्हणाला, "इधर तो म्युनिसिपालटी का पानी है." इमारत नवी, नळ चकचकीत. टँकर मागच्या गल्लीतून येतो हे त्या वॉचमनला ठाऊक नव्हतं. काकांनी घोट घेतला आणि म्हणाले, "गोड पाणी. टाकी लावायची गरज नाही."

हेमाकडं पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं मीटर होतं. तिनं ते ग्लासात बुडवलं आणि तिचा चेहरा बदलला. "काका, हे खारं दाखवतंय. बरंच."

"तुझ्या पेनात शाई भर," काका म्हणाले.

"पण काका..."

"गो, तू जन्माला यायच्या आधीपासून मी पाणी चाखतोय. तुका काय कळता? लिही, गोड."

काका एरवी तिच्यावर असे खेकसत नसत. हेमाचे कान लाल झाले. परबकाकांसमोर मीटर कोण पुढं करणार? तिनं 'गोड' लिहिलं आणि खाली सही केली. ती अजून कायम झाली नव्हती, दिवाळीनंतर व्हायची होती.

पावसाळा संपला, हवा कोरडी पडली, वाफेचा डबा जोरात चालायला लागला आणि खाऱ्या पाण्यानं आपलं काम केलं. क्षारांनी नळी तुंबली, पाणी उलटलं आणि खोलीच्या फरशीखाली गेलं. या खोल्यांची फरशी हातभर उचललेली असते आणि खाली विजेच्या तारा असतात. सर्व्हर बंद करावे लागले. सकाळी रिपोर्टला आलेली माणसं दुपारपर्यंत लॅबच्या दारात ताटकळली, आणि लॅबचा मालक माझ्याशी फोनवर जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कोठारी साहेबांनी कागद मागवला. पाणी गोड. सही हेमाची. तिला केबिनमध्ये बोलावलं. ती खाली मान घालून उभी राहिली, काकांचं नाव तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता. साहेब म्हणाले, "तुला कायम करायचं नाही जमणार. महिना संपला की बघ दुसरीकडे."

काका बोरिवलीला साइटवर होते. मी फोन करून सांगितलं, एवढंच. फोन ठेवून ते तसेच निघाले. तासाभरात ऑफिसात आले, अंगात स्वेटर तसाच, आणि दार न वाजवता केबिनमध्ये शिरले. मी आणि हेमा लॅबचे कागद घेऊन आतच होतो.

"साहेब, पोरीचं काय नाय ह्याच्यात. तिचं मीटर बरोबर होतं. पाणी मी सांगितलं."

"परब, तू लोकांना वाचवायला येऊ नको. सही तिची आहे."

"मी चुकलो म्हणून सांगतोय ना!"

"तू?" साहेब हसले. "इतकी वर्षं पाणी चाखतोस, तुला खारं-गोड नाही कळलं? मला शेंडी लावतो काय?"

काकांनी दाराकडं बघितलं. एवढंच बोलून परत गेले असते तरी चाललं असतं. आपण खरं सांगितलं, साहेबांनी ऐकलं नाही, असं म्हणायला ते मोकळे होते. साइटवरचं कामही टिकलं असतं. मी त्यांच्याकडं बघत होते आणि मला खरंच वाटलं, जातील आता.

"मनीषाबाय," ते म्हणाले, "दोन ग्लास पाणी आण. एकात मीठ घाल. हात आखडू नको. कुठल्यात घातलंस ते सांगू नको."

पॅन्ट्रीत मी मीठ घातलं, ढवळलं, पार विरघळेपर्यंत. दोन्ही ग्लास टेबलावर ठेवले. काकांनी पहिला उचलला, घोट घेतला, खाली ठेवला. दुसरा उचलला. तो खारा होता. डोळे मिटले नाहीत, गाल फुगवले नाहीत. गटागटा प्यायले, तळाशी थोडं ठेवलं. तोंडावरची एक रेष हलली नाही.

"ह्यातलं खारं कुठलं ते तुम्हीच सांगा साहेब. माका कळत नाय. आजारातून उठलो तसा वास नाय की चव नाय. बायको भातात मीठ विसरते की नाय, तेसुद्धा पोरं सांगतात."

साहेबांनी दुसरा ग्लास ओठाला लावला आणि कचऱ्याच्या डब्याकडं धावले. हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. ज्या माणसाचं निम्मं आयुष्य "माका कळता" म्हणण्यात गेलं, तो कोठारींच्या टेबलासमोर उभा राहून आपल्याला काही कळत नाही हे सिद्ध करून देत होता, आणि तेही नेहमीसारखं, समोरच्याला बोलायला जागा न ठेवता.

हेमाला साहेबांनी कायम केलं. काकांना म्हणाले, "परब, सोमवारपासून गोवंडी बघ." काका "हो" म्हणाले. साहेबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खोलीत तार जळायला लागली तर आधी वास येतो, नाक नसलेल्या माणसाला तिथं एकटं कसं सोडणार? पण मला वाईट वाटलं. अजून वाटतं.

बाहेर आल्यावर हेमा रडायला लागली. "काका, कशाला सांगितलंत? मला दुसरीकडे मिळाली असती ना नोकरी."

"गप गो. रडतेस काय? आता ते पेन नीट वापर. कोण म्हातारा काय बोलला म्हणून खिशात घालू नको." आणि स्वेटर काढून, घडी करून पिशवीत टाकला.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. गोडाऊनमध्ये सामानाची मोजदाद होती म्हणून मला पाठवलं होतं. गेटाजवळ खुर्ची होती, पण काका त्यात नव्हते, आत यंत्रांच्या खोक्यांवर खडूनं मोठ्ठे बाण काढत होते, उभं कुठून ठेवायचं ते दाखवणारे. सुकले वगैरे नव्हते. मला बघून ओरडले, "ये गो! नाकाक रुमाल लाव." देवनारच्या कचऱ्याचा वास वाऱ्यावर येत होता. "हय सगळे नाक धरून बसतत. माका काय? माका गुलाबाची बाग." हेमा घरी जाताना कधी कधी डोकावते म्हणाले, साइटचं सगळं सांगते. कुठलं पाणी कसं निघालं तेही सांगते. "शिकली पोरगी," म्हणाले. मग लगेच, "मीच शिकवलंय."

दुपारी एक यंत्र बोरिवलीच्या साइटला निघालं. काकांनी टेम्पोवरच्या दोऱ्या स्वतः ओढून बघितल्या, हमालांना दोन शिव्या घातल्या आणि ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले. मांडीवर पिशवी, केस हातानं नीट केलेले. मला एकदम आनंद झाला. म्हटलं, साहेबांनी साइटवर बोलावलेलं दिसतंय. पाठोपाठ माझीही रिक्षा निघाली, वाट एकच होती. मोठ्या रस्त्याच्या नाक्यावर टेम्पो थांबला आणि काका खाली उतरले. त्यांनी टेम्पोच्या फळीवर दोनदा थाप मारली, ड्रायव्हरनं सवयीनं हात हलवला आणि गाडी पुलाकडं वळली. ती दिसेनाशी होईपर्यंत काका रस्त्याच्या कडेला उभे होते, पाठमोरे. मग गोडाऊनच्या दिशेनं परत चालायला वळले, आणि त्यांना माझी रिक्षा दिसली.

काहीतरी घ्यायलाच आलो होतो असं दाखवत ते घाईघाईनं टपरीकडं गेले. रिक्षावाल्यानं विचारलं, "मॅडम, तुमच्या ओळखीचे आहेत ना? थांबवू?" मी म्हटलं, नको, चल.